करमणुकीची किंमत

जून-जुलैचा महिना आला, कीं पुण्याच्या रेल्वे स्टेशनावर आणि स्वारगेटाच्या मोटार-स्थानकावर एक ठराविक देखावा दिसूं लागतो. मुलाला किंवा मुलीला कॉलेजांत पोंचवावयास आलेले वडील परत निघालेले असतात. सामान वसतिगृहांत लागलें आहे, फी भरून झाली आहे. आतां बोलण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं. अशा वेळीं गाडीच्या खिडकींतून एक वाक्य हटकून बाहेर येतें : "अभ्यासाकडे लक्ष असूं दे, बाकीच्या भानगडींत पडूं नकोस." मुलगा मान हलवतो, गाडी सुटते, आणि तो त्याच संध्याकाळीं बाकीच्या भानगडींत पडतो.

या 'बाकीच्या भानगडी' म्हणजे कोणत्या? नाटक, गॅदरिंग, सहली, उपहारगृहांत तासन् तास चाललेल्या गप्पा, टेकडीवरची भटकंती, रात्रीं जागून पाहिलेलें चित्र, मित्राच्या खोलींत सुरू झालेला आणि पहांटे संपलेला वाद. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत यांपैकीं एकाचाहि उल्लेख नाहीं. परंतु पन्नाशी उलटलेल्या कोणत्याहि पदवीधरास त्याच्या कॉलेजाविषयीं विचारून पाहावें, म्हणजे तो यांखेरीज दुसरें कांहीं सांगत नाहीं असें आढळून येईल. ज्या गोष्टीस आपण भानगड म्हणतों तीच जर आयुष्यभर स्मरणांत राहत असेल, तर तिचा नैतिक विचार एकदां नीट करून पाहणें अवश्य आहे.

या बाबतींत आपल्याकडे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष जुना व आदरणीय आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्रह्मचाऱ्यानें वर्ज्य करावयाच्या गोष्टींची जी यादी आहे, तींत मध, मांस, गंध व माला यांच्या जोडीला नृत्य, गीत, वादन, द्यूत आणि लोकांच्या उठाठेवी यांचाहि समावेश केलेला आहे. सुख व विद्या एका घरांत नांदत नाहींत, हा या पक्षाचा सिद्धांत. दुसरा पक्ष स्वतःस सुधारलेला समजतो. त्याचें म्हणणें असें, कीं मनुष्य यंत्र नाहीं. त्यास विसावा पाहिजे. दोन घटका हंसला-खेळला तर तो पुन्हा ताज्या मनानें अभ्यासास बसेल. दोन्ही पक्ष परस्परविरोधी दिसतात. पण माझ्या मतें ते एकाच घड्याळाकडे पाहत आहेत. एक म्हणतो, करमणूक ही अभ्यासाच्या वेळाची चोरी आहे. दुसरा म्हणतो, ती त्या वेळाची मशागत आहे. करमणुकीस स्वतःचें असें कांहीं मोल आहे काय, हा प्रश्न दोघांनाहि सुचत नाहीं.

ग्रीक लोकांना तो सुचला होता. इंग्रजी 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून निघाला, त्याचा मूळचा अर्थ 'फुरसत' असा आहे, हें अनेकांस ठाऊक असेल. ॲरिस्टॉटलनें तर फुरसत आणि करमणूक यांत स्पष्ट भेद केला. करमणूक हें श्रमांवरील औषध. तें श्रमांसाठीं असतें. फुरसत मात्र कशासाठींहि नसते. इतर सर्व कांहीं तिच्यासाठीं असतें. हा भेद मान्य केला म्हणजे प्रश्न असा उभा राहतो, कीं विद्यार्थ्यांच्या 'भानगडी' या औषधांत मोडतात कीं फुरसतींत?

आपल्या विद्यापीठांच्या इतिहासांत याचें उत्तर शोधूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट दिसते. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे आरंभीं तें केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणारें मंडळ होतें. विद्यार्थ्यानें कोठें राहावें, कोणाशीं बोलावें, संध्याकाळीं काय करावें, याविषयीं तें मौन होतें. गुरुगृहीं राहणाऱ्या बटूला गुरुपत्नी होती, गोठा होता, घर होतें. शहरांतल्या विद्यापीठांत आलेला मुलगा परक्या वस्तींत एकटा उतरला. त्याला घर मिळालें तें सोबत्यांच्या रूपानें. म्हणून विद्यार्थ्यांचें सामाजिक जीवन हा विद्यापीठावर चढविलेला अलंकार नव्हे. विद्यापीठानें जी जागा मोकळी सोडली होती ती त्यानें भरून काढली.

आणि ती किती चांगल्या रीतीनें भरली गेली! विद्यापीठ निघण्याच्या नऊ वर्षें आधीं, १८४८ सालीं, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुण मंडळींनीं 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. जमावें, निबंध वाचावे, त्यांवर वाद करावा, एवढाच प्रारंभीचा बेत. पण वादांतून त्यांना उघड दिसलें, कीं आपण ज्या सुधारणेच्या गोष्टी बोलतों त्यांतलें एक अक्षरहि आपल्या बहिणींना वाचतां येत नाहीं. आणि १८४९ सालीं त्यांनीं मुलींच्या शाळा उघडल्या. दादाभाई नौरोजी या मंडळींत अग्रभागीं होते. आरंभीं या शाळांतून शिकविण्याचें काम सभासद स्वतःच्या मोकळ्या वेळांत व बिनवेतन करीत. पुढें तीस वर्षांनीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दोन विद्यार्थी एकमेकांशीं असेच बोलत राहिले. एक टिळक, दुसरे आगरकर. सरकारी नोकरीच्या वाटेस न जातां आयुष्य शिक्षणास वाहावयाचें, हा निश्चय १८७९ च्या सुमारास त्या बोलण्यांतून पक्का झाला. १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ त फर्ग्युसन कॉलेज. त्या गप्पांना कोणीं गुण दिले नव्हते.

येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. 'पाहा, गप्पांतून कॉलेज निघालें; म्हणून गप्पा चांगल्या,' असें म्हणावयास आपण फार लौकर तयार होतों. तसें म्हटलें कीं आपण पुन्हा घड्याळवाल्यांच्या पंक्तीस जाऊन बसलों! हजार संध्याकाळच्या गप्पांतून एखादें कॉलेज निघतें. उरलेल्या नऊशें नव्याण्णव संध्याकाळीं वाया गेल्या काय? मला तसें वाटत नाहीं. ज्या संध्याकाळीं दोन माणसें परस्परांपासून कांहीं मिळवावयाचें नसतांना एकत्र बसतात, ती संध्याकाळ तेवढ्यानेंच सार्थ झाली. वर्गांत आपण प्रतिस्पर्धी असतों, घरीं पुत्र असतों, कचेरींत वरिष्ठ वा कनिष्ठ असतों. केवळ या सोबतींत आपण कोणाच्या वर नसतों आणि खालीं नसतों. विद्यार्थिदशेंतील फुरसतीचें खरें मोल हें आहे.

पण हें मोल मान्य केल्याबरोबर एक अधिक कठिण प्रश्न पुढें येतो. कोणाच्या वर नाहीं व खालीं नाहीं असें जें हें वर्तुळ, त्यांत कोण आहे आणि कोण बाहेर आहे?

ज्या डेक्कन कॉलेजांत टिळक-आगरकरांची मैत्री फुलली, त्याच कॉलेजांत त्यांच्या मागून थोड्याच वर्षांनीं कॉर्नेलिया सोराबजी ही पहिली विद्यार्थिनी आली. तिच्या सोबत्यांनीं तिला सुखानें शिकूं दिलें नाहीं. वर्गाचें दार तिच्या तोंडावर लावण्यापर्यंत कांहींची मजल गेली. ती परीक्षेंत पहिली आली, तेव्हां गुणानुक्रमानें मिळावयाची विलायतेची सरकारी शिष्यवृत्ति ती स्त्री असल्यामुळें तिला नाकारण्यांत आली. १८८९ सालीं ती इतरांच्या मदतीनें ऑक्सफर्डला गेली आणि तेथें कायदा शिकणारी पहिली स्त्री ठरली. दार लावणाऱ्या मुलांना त्या वेळीं मोठी गंमत वाटली असेल. ती गंमतहि करमणूकच होती, हें विसरतां येत नाहीं.

दुसऱ्याचें उदाहरण सांगून स्वतः नामानिराळें राहणें सोपें असतें; म्हणून आतां स्वतःचें सांगतों.

मी पुण्यास शिकत होतों तेव्हां आमच्या कॉलेजांत स्नेहसंमेलनाच्या वेळीं 'फिशपाँड'चा कार्यक्रम मोठ्या उत्साहानें होत असे. ज्यांना ही प्रथा ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयाचें, तर कोणाहि विद्यार्थ्याला वा प्राध्यापकाला उद्देशून एखादें खोचक वाक्य निनांवी चिठ्ठीवर लिहून पेटींत टाकावयाचें. संमेलनाच्या दिवशीं तें भरसभेंत वाचलें जातें. आणि कधीं कधीं त्याबरोबर एखादी विनोदी भेटवस्तुहि दिली जाते. ज्याच्या नांवें चिठ्ठी असेल त्यानें व्यासपीठावर जाऊन ती हंसतमुखानें स्वीकारावी, असा संकेत.

माझ्या शेजारच्या खोलींत साताऱ्याकडच्या माण तालुक्यांतला एक मुलगा राहत असे. त्याच्याजवळ एकच बरा सदरा होता. तो रोज रात्रीं धुवून खिडकींत वाळत घालावयाचा व सकाळीं पुन्हा चढवावयाचा, हें आम्हां सर्वांस माहीत होतें. सहलीची वर्गणी तो देत नसे, चहास येत नसे, सिनेमास तर नाहींच. आम्ही त्याला चिकट ठरवून टाकलें होतें. चिकट माणसाची थट्टा करण्यांत पाप नाहीं, असेंहि आम्हीच ठरविलें होतें. मीं चिठ्ठी लिहिली : "आगरकरांच्या सदऱ्याचे वारस — यांस आमच्याकडून सप्रेम भेट." भेट म्हणून अंगाच्या साबणाची एक वडी कागदांत गुंडाळून पेटीजवळ ठेवली.

आगरकरांजवळ विद्यार्थिदशेंत एकच सदरा होता व तो ते रात्रीं धुवून सकाळीं घालीत, ही कथा आम्ही शाळेंत असतांना वाचली होती. तिच्यावर निबंध लिहून गुणहि मिळविले होते. त्यामुळें चिठ्ठी वाचली जातांच सभागृह हास्यानें दणाणून गेलें. तो उठला, व्यासपीठावर गेला, साबण घेतला, नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसला. शेवटपर्यंत बसला.

हें १९७३ सालच्या जानेवारींत घडलें. १९७२ चा दुष्काळ वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांच्या स्मरणांत असेल. माणदेशांत तेव्हां गांवेंच्या गांवें दुष्काळी कामांवर खडी फोडीत होतीं. या मुलाचे आईबाप त्यांतच होते, आणि तो स्वतः संध्याकाळीं एका खानावळींत वाढप्याचें काम करून दोन वेळचें जेवण मिळवीत होता, हें मला संमेलनानंतर चारपांच दिवसांनीं दुसऱ्याकडून कळलें. त्या रात्रीं मी त्याच्या खोलीवरून जात असतां तो न्हाणीघरांत सदरा धूत होता. माझ्याच साबणानें. चिठ्ठी कोणीं लिहिली हें त्याला ठाऊक होतें कीं नाहीं, हें मला आजतागायत समजलेलें नाहीं. तो मान वर करून इतकेंच म्हणाला, "साबण बरा आहे रे. दोन महिने पुरेल."

मीं त्याची क्षमा मागितली नाहीं. आधीं धीर झाला नाहीं, मग वेळ निघून गेली असें वाटलें, आणि मग खरोखरच वेळ निघून गेली.

या प्रसंगावर मीं पुष्कळ विचार केला आहे. पहिला निष्कर्ष सोपा होता : थट्टा करूं नये. पण तो चुकीचा आहे. थट्टेवांचून तारुण्य हें मिठावांचून जेवण आहे. त्याच पेटींतून आमच्या एका प्रतापी प्राध्यापकांच्या नांवें निघालेली चिठ्ठी मला आजहि योग्य वाटते. वर्षभर ज्यांच्यापुढें आम्ही थरथर कांपत होतों त्यांच्यावर एक दिवस हंसण्यानें दोन्ही बाजूंचें कल्याणच झालें. थट्टेचा दोष थट्टेंत नसतो. ती कोणत्या दिशेनें जाते यांत असतो. जो उलट उत्तर देऊं शकतो त्याच्यावर हंसणें हा खेळ. ज्याला उत्तर देण्यासाठीं आपली गरिबी उघडी करावी लागेल त्याच्यावर हंसणें ही शिक्षा.

दुसरा निष्कर्ष मला फार उशिरां सुचला, आणि तोच या लेखाचें खरें प्रयोजन आहे. चिठ्ठी वाचली जाण्याच्या पुष्कळ आधीं आम्ही त्या मुलाला बाहेर घालविलें होतें. कोणीं त्याला 'येऊं नको' म्हटलें नव्हतें. आम्ही फक्त आपली प्रत्येक करमणूक अशी निवडली होती, कीं तिच्या दारांत पैसे मोजावे लागत. पुण्याच्या विद्यार्थ्यांत 'टी. टी. एम. एम.' म्हणजे 'तुझें तूं, माझें मी' असा एक प्रसिद्ध शिरस्ता आहे. ज्यानें त्यानें आपापला चहा आपणच द्यावा. दिसावयास यासारखें न्याय्य कांहीं नाहीं. कोणी कोणाचा मिंधा नाहीं. परंतु सर्वांनीं सारखे पैसे देणें म्हणजे सर्वांनीं सारखा भार उचलणें नव्हे. एकाला जो चहा असतो तो दुसऱ्याला एका वेळचें जेवण असतो. ज्याला तो परवडत नाहीं तो भांडत नाहीं. "मला चहा आवडत नाहीं" असें म्हणून खोलींत जाऊन बसतो, आणि आपण त्याला माणूसघाणा म्हणतों.

मग काय, त्याचे पैसे आपण भरावे? कधीं कधीं तेंहि करावें, पण या हाताचें त्या हातास न कळूं देतां. कारण चारचौघांत केलेलें औदार्य हा चिठ्ठीचाच दुसरा प्रकार आहे. मात्र याहून चांगला मार्ग आमच्या त्याच कॉलेजांत, त्याच मुलानें, मला नकळत दाखवून दिला.

पुण्यास महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनें १९६३ सालीं पुरुषोत्तम करंडकाची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका-स्पर्धा सुरू केली. पावसाळ्यांत भरत नाट्य मंदिराच्या बाहेर वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुलामुलींच्या झुंडी जमतात, "आवाज कुणाचा!" अशा आरोळ्यांनीं ती गल्ली घुमते, आणि आंत पाऊण-एक तासाच्या एका प्रयोगावर दोन महिन्यांची मेहनत पणास लागते. पुढच्या वर्षीं आमच्या कॉलेजाची तालीम चालू असतां एके रात्रीं तो मुलगा खानावळींतलें काम आटपून दारांत येऊन उभा राहिला. कोणीं तरी त्याच्या हातांत वही दिली आणि "अडलों तर सांग" म्हटलें. तो रोज येऊं लागला. पंधरा दिवसांत सर्वांच्या भूमिका त्याला तोंडपाठ झाल्या. प्रयोगाच्या दिवशीं तो विंगेंत उभा होता, आणि माझें एक वाक्य ऐन वेळीं गळालें तें त्यानेंच मला दिलें. त्या दोन महिन्यांत त्याच्याकडे सदरे किती आहेत, हें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं.

विकत घेतलेल्या करमणुकींत माणसाला एकच भूमिका असते, ती गिऱ्हाइकाची. आणि ज्याच्या खिशांत पैसे नाहींत त्याला ती एकहि मिळत नाहीं. हातानें घडविलेल्या करमणुकीला मात्र तीस हात लागतात. कोणी पडदा ओढतो, कोणी खुर्च्या मांडतो, कोणी वही धरतो. तेथें दारिद्र्य झांकावें लागत नाहीं, कारण तें कोणी विचारीतच नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांच्या करमणुकीची नैतिक कसोटी लावावयाची झाल्यास मी ती अशी लावीन : रित्या खिशानें आलेल्या सोबत्याला हींत कांहीं काम आहे काय? असेल तर ती फुरसत. नसेल तर ती केवळ खरेदी.

हें आज सांगण्याचें कारण आहे. १९४९ सालीं स्थापन झालेल्या व २०१४ पासून सावित्रीबाई फुल्यांचें नांव धारण करणाऱ्या पुणें विद्यापीठांत आज खेड्यापाड्यांतून मुलें-मुली येतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रुजविलेल्या 'कमवा व शिका' योजनेंत तासभर-दोन तास काम करून कित्येक शिकतात. १९५५ सालीं निघालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थांच्या वसतिगृहांत कित्येक राहतात. दार पूर्वींपेक्षां पुष्कळ उघडें झालें आहे, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. परंतु वर्गाचें दार उघडलें म्हणजे वर्तुळाचें दार उघडलें असें होत नाहीं. एकीकडे महोत्सवांना पुरस्कर्ते मिळतात, गायकांच्या मैफिलींना तिकिटें लागतात, अमृततुल्याच्या बांकाची जागा पंख्याखालच्या महाग कॉफीनें घेतली आहे. आणि ज्याला यांतलें कांहींच जमत नाहीं त्याच्या हातांत, खोलींत एकटें हंसावयासाठीं, एक लहानसा पडदा आहे. तो बाहेर राहिला हें आतां कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. आमच्या वेळीं निदान खिडकींत सदरा दिसत असे.

तेव्हां स्टेशनावर उभ्या असलेल्या वडिलांना माझी एकच विनंति आहे. भानगडींत पडूं नकोस, असें मुलाला सांगूं नका. तो पडणारच, आणि पडावा. दिवाळीच्या सुटींत तो घरीं आला म्हणजे किती तास वाचलेंस हें तुम्ही विचाराल, तें खुशाल विचारा. पण एका संध्याकाळीं, तो सोबत्यांच्या गमती सांगून पोट धरून हंसत असतां, हळूच एवढेंहि विचारा, कीं त्या दिवशीं तुमच्यांत कोण नव्हता, आणि कां नव्हता. मला तें कोणीं विचारलें नाहीं.